कुठं चुकलं ते सांगा की!

धरणगावात जिनिंगवर कापसाची गाडी लागली, की ग्रेडर कापसात ओलावामापक खुपसतो. आकडा येतो चौदा. सरकारतर्फे कापूस घेणाऱ्या सीसीआयची हद्द बारा टक्के. गाडी परत! शेतकरी ग्रेडरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण काय करायचं ते त्याला कळलेलं असतं. कापूस वाळवायचा.

आता अशाच एखाद्या शेतकऱ्याची कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी पोरगी घ्या. टर्बो सी उघडून ती प्रोग्रॅम लिहिते. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहतो. यंत्र बोट ठेवतं आठव्या ओळीवर! पोरगी तासभर आठवी ओळ खरवडते. ती ओळ बिचारी धुतल्या तांदळासारखी. बरं, इथं निदान अर्धविरामाचं नाव तरी घेतलं. पुढच्या चुकीला शेरा येतो : 'एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड'. म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडं किंमत ठेवायला जागाच नाही, तिथं बेरीज मांडून ठेवलीय. मग तसं सांगायला काय पैसे पडतात? 'काय चुकनं भो?' असं विचारावं, तर समोरचा नुसताच खेकसतो.

यावर जाणकारांचं ठरलेलं उत्तर : यंत्राला कुठलं एवढं कळायला! कळतं हो. कंस उघडून बंद करायचा राहिला, की प्रोग्रॅमिंगच्या भाषांतला पायथॉनही वर्षानुवर्षं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' एवढंच पुटपुटायचा, तेही बहुतेकदा पुढच्याच ओळीवर. ऑक्टोबर २०२१मध्ये ३.१० आवृत्ती आली आणि तो सांगू लागला, 'हा कंस बंदच केला नाही', आणि बोट नेमकं त्या उघड्या कंसावर. नावाचं स्पेलिंग चुकलं, तर 'तुम्हाला हे म्हणायचंय का?' असंही विचारू लागला. त्याआधी २०१५मध्ये एल्म भाषेचे कर्ते इव्हान चॅप्लिकी यांनी चुकांचे संदेश माणसांना कळतील असे लिहायला घेतले. रस्ट भाषावाल्यांनी तो कित्ता गिरवला. कंस तोच, चूकही तीच. सांगणाऱ्यानं फक्त कष्ट घेतले.

मास्तर मात्र पोरांनाच दटावतात, 'एरर नीट वाचत जा.' अहो, वाचण्याजोगा लिहा तरी! मराठीत सांगा असा हट्ट नाही. इंग्रजीतच सांगा, पण धड सांगा : कुठं चुकलं, काय चुकलं आणि आता काय करू.

तोवर पोरांनो, यंत्रानं दाखवलेल्या ओळीत काहीच सापडलं नाही, तर तिच्या वरची ओळ बघा.