डॉक्टरनं विचारलं सुनेला, बोलल्या सासूबाई

"काहो मावशी, किराणावाल्यांकडे काल एवढी गर्दी काहून होती?"

"अगं, सून आली ना रायपूरहून! नातू झाला. अर्धं अभनपूर तिला दवाखान्यात बघून आलंय. आता रेल्वेची मोठी लाइन झाली, बसलं गाडीत की पोचलं. छोटी लाइन होती तेव्हा तरी एवढे जण गेले नसते."

"पण पेशंटजवळ तर एकालाच सोडतात."

"गार्डानं तेच सांगितलं. तर त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, 'बरं, मी एकटीच जाते.' आणि गेल्या, चार डबे अन् दोन सुना घेऊन! आपल्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर लोक वर्षभर नाव ठेवतात गं. गार्ड काय, उद्या बदलेल."

"सून बरी आहे ना?"

"तेच तर सांगते. डॉक्टरीणबाई राउंडला आली, विचारलं, काही त्रास? खाटेच्या पायथ्याशी सासरे उभे! ती पदर पुढे ओढून गप्प. सासू म्हणाली, 'सब बने हे,' म्हणजे सगळं ठीक आहे. डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेली. पोरीचे टाके सुजलेले, लघवीला जायची भीती. सांगणार कुणाला?"

"मग कळलं कसं?"

"आपल्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, आरोग्याचं बघणारी मितानिन गेली होती भेटायला. तिनं आधी सगळ्यांना चहाला पिटाळलं. मग कानाशी वाकून विचारलं, आणि तडक नर्सला बोलावून आणलं. घरच्यांपुढे जे निघालं नाही ते तिच्यापुढे पाच मिनिटांत निघालं."

"सरकारी बाईच ना ती?"

"सरकारी कसली! पाऱ्यातल्या लोकांनीच निवडायची असते ती. 2002 मध्ये आणली ही मितानिन योजना छत्तीसगडनं. देशात 'आशा' आली 2005 पासून. आणि नावही काही साहेबानं टेबलावर बसून काढलेलं नाही. इथे बाया भोजली, म्हणजे गव्हाचे कोवळे अंकुर, एकमेकींच्या कानाला लावून मैत्री जोडतात ना? मग जन्मभर एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत, भोजलीच म्हणतात. जातपात मध्ये येत नाही, घरच्यासारखं नातं. त्या नात्यातली ही मितानिन, म्हणजे मैत्रीण. तिला लाजायचं कशाला?"

"खाण्यावरून नाही झालं काही?"

"झालं तर! दवाखाना म्हणतो डाळ-भात, भाजी सगळं द्या. सासू म्हणते, छठ्ठीचं, म्हणजे सहाव्या दिवसाचं, कांके पानी, तो जडीबुटीचा काढा, झाल्याशिवाय धड काही मिळायचं नाही. बाळंतिणीनं उपाशी राहून दूध कुठून आणायचं? मितानिन कांके पान्याला नाही म्हणाली नाही. म्हणाली, ते छठ्ठीला द्या, पण डाळ-भात आजपासून. सासूनं ऐकलं. डाएटवाल्या मुलीनं छापील कागद दिला होता, तो डब्याखाली गेला. आणि हसू नकोस, तुझ्या वेळी तुझी आई नागपूरहून डिंकाचे लाडू घेऊन आली होती, नर्सचा डोळा चुकवून भरवत होती."

"ते वेगळं हो मावशी!"

"हो, वेगळंच. आपलं ते पौष्टिक, त्यांची ती अंधश्रद्धा!"

"छठ्ठीचं बोलावणं आलं का तुम्हाला?"

"आलं. मितानिनला सुनेनं स्वतः फोन केला म्हणे. सासरे मात्र फुगलेत. चहाला पाठवलं ते पाठवलं, अन् सगळ्यांच्या चहाचे पैसेही त्यांच्याच खिशातून गेले."