बालाघाटचा फॉल मेनू

बालाघाटला आता ऑक्टोबरात ‘फॉल’ येतो.

नव्या टेकअवेच्या दारातल्या काळ्या पाटीवर रंगीत खडूनं तसं लिहिलंच आहे: ‘फॉल मेनू. सीझनल अमेरिकन कम्फर्ट फूड’. शेजारी मेपलचं पान काढलंय. मेपल या जिल्ह्यात कोणी पाहिलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच जणांना ते भलत्याच झाडाचं पान वाटलं आणि पोरांची गर्दी वाढली, असं शेजारचा पानवाला सांगतो.

ऑक्टोबरात इथं पानं गळत नाहीत, धान कापलं जातं. सालाचं जंगल हिरवंगार असतं आणि दुपारी घाम निथळतो. पानगळ बघायची असेल तर फाल्गुन-चैत्रात या. साग उघडा पडलेला असतो आणि बैहरकडे भल्या पहाटे माणसं टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेली दिसतात. हंगामी, झाडावरून गळणारं आणि जिवाला आराम देणारं असं या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या काही असेल तर ते मोहफूल. सरकारनं मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’चा मानही देऊन टाकला. पाटीवर मात्र ती नाही. कम्फर्ट म्हणे!

पाटीवर काय आहे? मॅक अँड चीज, पम्पकिन सूप, कॉर्न चाउडर, फ्राइड चिकन, लोडेड फ्राइज आणि व्हेज मीटलोफ. खाली बारीक अक्षरात: ‘जैन उपलब्ध’. मांसाच्या वडीतून आधी मांस काढायचं, मग कांदा-लसूण काढायचा, आणि उरेल त्याला अमेरिकन म्हणायचं. पण हसू नका. 1996 साली दिल्लीत मॅकडोनाल्ड्स आलं ते गोमांस घरी ठेवून आलं, आणि पुढे त्याला तारलं आलूच्या टिक्कीनं. आपल्याकडे अमेरिका सोवळं नेसूनच येते.

आता चवीचं. फ्राइड चिकन खरंच चांगलं होतं. खोटं कशाला बोला. मॅक अँड चीज घेतलं सव्वादोनशेला. अॅल्युमिनियमच्या डबीवर पुठ्ठ्याचं झाकण, झाकणाच्या आतून घाम, वर कोथिंबीर. घरी पोचेपर्यंत चीज गोठून मॅकरोनीची अख्खी वडी झाली होती. डबी उलटी केली तरी पडेना. सौभाग्यवतींनी ती चमच्यानं खरवडून कढईत काढली, जिरं-हिरवी मिरचीची फोडणी दिली, वरून लिंबू पिळलं. मग सगळ्यांनी खाल्लं. त्याला कम्फर्ट म्हणायचं की डागडुजी, हा प्रश्न कोणी काढला नाही.

मौज वेगळीच आहे. 1937 साली, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत क्राफ्ट कंपनीनं मॅकरोनी आणि चीजची भुकटी एका खोक्यात घालून विकायला काढली. किंमत 19 सेंट, आणि एका खोक्यात चौघांचं भागायचं. मग युद्ध आलं, तिकडेही रेशन आलं आणि खोकं घराघरात ठाण मांडून बसलं. मीटलोफही त्यातलंच: थोड्याशा खिम्यात पावाचा चुरा कालवून जास्तीच्या ताटांना पुरवायची युक्ती. म्हणजे हा सगळा ओढगस्तीचा स्वयंपाक. त्यात कमीपणा काही नाही, जगातलं निम्मं चवदार जेवण टंचाईतून निघालंय. पण परक्याची गरिबी आपण सव्वादोनशेला घेतो, वर जीएसटी भरतो आणि फोटो काढतो.

या स्वयंपाकाची आपल्याकडची सख्खी बहीण म्हणजे पेज. परसवाडा-बैहरच्या गोंड-बैगांच्या घरी कोदो-कुटकीची पेज शिजते: पातळ, आंबूस, उन्हातान्हात पोटाला थंड. ती डबीत भरून सव्वादोनशेला विकून दाखवा. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा कोदोला जरा भाव आला, तोही बिस्किटात शिरल्यावर. पेज होती तिथंच राहिली. तिच्या पाटीवर काढायला परदेशी झाडाचं पान कुठून आणणार?

आणि अमेरिकन टेकअवे आपल्याला नवा आहे असं कोणी सांगितलं? आपल्या वडीलधाऱ्यांनी तो पिशवी घेऊन रांगेत उभं राहून खाल्लाय. 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली अमेरिकेचा गहू जहाजानं यायचा आणि रेशनच्या दुकानातून घरी जायचा. बसायला खुर्ची तिथंही नव्हती. 1965-66 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन हात आखडून एकेक खेप सोडत होते, आणि इकडे लालबहादूर शास्त्री सोमवारी संध्याकाळी चूल पेटवू नका म्हणून सांगत होते. पुढे 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात मिलो आली, ती लाल ज्वारी. गोंदियापलीकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसासमोर ‘मिलो’ म्हणून बघा, त्याचं तोंड अजून वाकडं होतं. त्या भाकरीला कोणी कम्फर्ट फूड म्हटलं नाही. गाजरगवतही त्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. तेवढी एकच अमेरिकन वस्तू आपल्याला घरपोच, फुकट आणि बारमाही मिळते.

मधल्या काळात ‘अमेरिकन’ हा आपल्याकडे दागिन्यांपासून आइसक्रीमपर्यंत कशालाही चिकटणारा मुलामा झाला. अमेरिकन डायमंड झाला, अमेरिकन नट्स झाले, अमेरिकन कॉर्न झाला. आणि चायनीजच्या गाडीवर अमेरिकन चॉपसी झाली: तळलेल्या नूडल्स, लालभडक गोड रस, वर अंडं. गंमत अशी की अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात याच नावाचा पदार्थ खरंच आहे. मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो. शाळेच्या खाणावळीतलं जेवण, तिकडच्या माणसाचं बालपण. बोस्टनचा कोणी गोंदियाला गाडी बदलायला उतरला आणि घरच्या आठवणीनं व्याकूळ होऊन त्यानं ती मागवली, तर त्याचं काय होईल ते बघायला मी तिकीट काढून जाईन.

भोपळ्याचं मात्र मला खरंच लागलं. पम्पकिन सूप म्हणजे आपलं लाल कोहळं, सकाळी गुजरीत फाकी करून ठेवतात ते. दुकानदार तिथूनच नेतो, मी त्याला पिशवीसकट पाहिलंय. कोहळं शिजवून त्यात गूळ विरघळवायचा, कणीक भिजवायची, विलायची घालायची आणि बोंडं तळायची, हे नागपूरपासून इथपर्यंतच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. 1956 मध्ये आमचा जिल्हा नागपूरहून भोपाळच्या राज्यात गेला. राजधानी बदलली, कढई बदलली नाही. तेच कोहळं सुपात गेलं की त्याला मिरपूड, क्रीम आणि इंग्रजी नाव मिळतं, आणि चव जाते. तिकडे स्टारबक्सनं 2003 साली पम्पकिन स्पाइस लाटे काढली. 2015 पर्यंत तिच्यात भोपळाच नव्हता, नुसता मसाला. म्हणजे निदान आमचा दुकानदार त्यांच्यापेक्षा प्रामाणिक. यानं पहिल्या दिवसापासून कोहळं घातलंय.

आणि खरा हंगामी अमेरिकन माल पाटीच्या बरोबर समोर, हातगाडीवर उभा असतो. श्रावण-भादव्यात शेगडीवर भुट्टा, दिवाळीच्या आसपास सिवनीकडची सीताफळं, थंडीत पेरू आणि भाजलेल्या शेंगा. मका, सीताफळ, पेरू, शेंगदाणा आणि पेरूवर भुरभुरायचं तिखट, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडातलं. गाडीवाल्याला ते माहीत नाही, सांगितलं तर तो मलाच शेंगा कमी मोजेल. पाटी नाही, पान नाही, ‘जैन उपलब्ध’ नाही. सीताफळं संपली की दुसऱ्या दिवशी सीताफळं नसतात. कितीही पैसे दाखवा, तो पुढच्या वर्षी या म्हणतो.

टेकअवेत असलं संकट नाही. फॉल मेनूतला कॉर्न फ्रीजरमधून येतो. मागच्या मेमध्ये ‘समर मेनू’ होता, त्यातही मॅक अँड चीज होतं. बाहेर रस्ता तापलेला आणि आत लोक गरमागरम चीज बांधून नेत होते. बदललं ते पाटीवरचं चित्र: तेव्हा कलिंगड होतं.

परवा काउंटरवरच्या पोराला विचारलं, बाबा, थंडीत काय काढणार? थँक्सगिव्हिंगला टर्की वगैरे? नोव्हेंबरचा चौथा गुरुवार असतो म्हणे. त्यानं पावती फाडत शांतपणे सांगितलं, “अंकल, विंटर मेनू में मोमो रहेगा. अमेरिकन मोमो.”

विचारायचं होतं, त्यात अमेरिकन काय असणार. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, “चीज भाई, और क्या,” आणि त्यानं चार प्लेटचं अॅडव्हान्स बुकिंग करून टाकलं.