हर्षदची धून, कराडच्या ठेवी

‘स्कॅम १९९२’ ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि अचिंत ठक्करची ती धून घराघरांत रिंगटोन म्हणून वाजू लागली. हंसल मेहतांनी मालिका उत्तम बांधली, प्रतीक गांधीने शेअर दलाल हर्षद मेहता डोळ्यांसमोर उभा केला, याबद्दल वाद नाही. माझं भांडण बघणाऱ्यांशी आहे. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर बेतलेले दहा भाग पाहून आपण उचललं काय, तर जोखीम आणि इश्काची सांगड घालणारा एक संवाद! तो स्टेटसला ठेवणाऱ्यांनी ‘बीआर’ म्हणजे काय ते जरा सांगावं.

मालिकेत ते आहे. एक बँक सरकारी रोखे दुसरीला विकायची, ठरलेल्या दिवशी ठरल्या भावाने परत घ्यायच्या बोलीवर. रोखे जागचे हलायचे नाहीत; त्यांच्याऐवजी बँक रिसीट, म्हणजे बीआर, हातोहात फिरायची. मध्ये दलाल. चेक बँकेच्या नावाचा, जमा मात्र दलालाच्या खात्यात, आणि तिथून थेट शेअर बाजारात. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशेच्या आसपास होता, तो नऊ हजारांपर्यंत चढला. त्यामागे सिमेंटचा खप नव्हता, बँकांतला लोकांचा पैसा होता. एवढं सगळं एका माणसाला जमत नसतं. त्याच्यासाठी दारं आतून उघडली गेली. बड्या बँकांच्या अधिकाऱ्यांना झटपट नफा हवा होता, म्हणून त्यांनी कागद तपासले नाहीत. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलालांनी स्टेट बँकेतल्या पाचशे कोटींची बातमी दिली, तेव्हा कुठे वाचा फुटली. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने पुढे चार हजार कोटींचं भगदाड मोजलं.

पाठीशी रोखे नसताना बीआर देणाऱ्यांत आपली बँक ऑफ कराडही होती. मे १९९२ मध्ये ती अवसायनात निघाली. बँक ऑफ इंडियाने ती ताब्यात घेईपर्यंत १९९४ उजाडलं. ठेवींना विम्याचं संरक्षण तेव्हा फक्त तीस हजार रुपयांपर्यंत होतं. उसाचं बिल, निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नाचे पैसे ज्यांनी तिथे विश्वासाने ठेवले असतील, त्यांनी कुठली जोखीम घेतली होती? त्यांना विचारलं तरी होतं का कोणी?

मला राग येतो तो इथे. जुगार एकाचा, पैसा दुसऱ्याचा, आणि आपण टाळ्या वाजवतो त्या जुगाऱ्यासाठी. सेबीने २०२४ मध्ये सांगितलं, की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरपैकी त्र्याण्णव सामान्य माणसांनी पैसे घालवले. एकूण नुकसान १.८ लाख कोटींच्या वर. याचं खापर मी मालिकेवर फोडत नाही. पण कोवळ्या पोरांना रातोरात श्रीमंतीचे क्लास विकणारे आपल्या रील्सना हर्षदचे संवाद जोडतात, तेव्हा त्यांना कोणाचा चेहरा विकला जातो हे पुरेपूर ठाऊक असतं.

घोटाळ्यांवर मालिका जरूर काढा. फक्त पुढच्या वेळी दलाल स्ट्रीटवर मुक्काम ठोकू नका. पुणे-बंगळूर रस्ता धरा, कराडला उतरा आणि ठेवीदारांना शोधा.