८१२ दिवस

अण्णांना "कसे आहात?" असं विचारलं की ते आकडा सांगतात. २०१६ च्या ऑक्टोबरात तो ८१२ होता. आमच्या पुण्याच्या ऑफिसातला मुख्य सर्व्हर ८१२ दिवस एकदाही न झोपता चालू होता. मधल्या काळात दोन साहेब बदलले, अण्णांच्या मुलीचं लग्न झालं, स्वतः अण्णा मूतखड्यासाठी आडवे झाले. मशीन मात्र उभं. लग्नाची तारीख ते वहिनींना विचारतात. सर्व्हर कधी चालू केला ते मिनिटासकट पाठ.

वसुबारस आठवडाभरावर आली असताना 'डर्टी काउ' उगवली. काउ म्हणजे कॉपी-ऑन-राइट, लिनक्स कर्नलमधली एक सोय. तिच्यात कित्येक वर्षं भोक होतं. साहेब घाबरून धावत आले. कर्नल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मिशीवाला फौजी उभा राहतो. पण 'कोणीही साधा युजर रूट होऊ शकतो' एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला. हा माणूस भोक समजावून सांगायला बसला की जेवण विसरतो.

"सातबारा बघायला गेलात, तर तलाठी मूळ वही हातात देतो का? वाचायचं तर लांबून वाचा. काही खरडायचंय? मग ही घ्या नक्कल, हिच्यावर खरडा. कर्नल हेच करतो. आता दोन भामटे येतात. एक म्हणतो, मला लिहायचंय. तलाठी नक्कल काढतो, मनात 'नक्कल दिली, लिहिण्याचं काम मिटलं' अशी खूण करतो आणि वळतो. तेवढ्यात दुसरा ती नक्कल टोपलीत टाकतो. तलाठी बघतो तर टेबलावर कागदच नाही. लिहिण्याचं तर मिटलंय, म्हणजे वाचायलाच हवं असणार, म्हणून तो मूळ वही पुढे सरकवतो. आणि पहिला भामटा तिच्यावरच लिहितो!"

"पण इतकं जुळून येतं का?" मी विचारलं.

"एकदा नाही येत. लाख वेळा करून बघायला कॉम्प्युटरला कंटाळा कुठे येतो?"

मग दुरुस्ती. दोन फायली, जेमतेम दहा-पंधरा ओळी. तलाठ्यानं 'मिटलं' म्हणून लिहिण्याची गोष्ट विसरायची नाही. समोरचा कागद नक्कलच आहे ना, ते शिक्का बघून ठरवायचं आणि मगच लेखणी द्यायची. "आणि गंमत ऐका. खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं हे भोक अकरा वर्षांपूर्वी बुजवायला घेतलं होतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर घोळ झाला म्हणून दुरुस्ती मागे घेतली. तेव्हा धोका कागदावरचा वाटायचा. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आपण तेव्हा वाईट प्रयत्न केला म्हणून." हे सांगताना अण्णांचा चेहरा असा फुलला, जणू लिनस शनिवार पेठेत शेजारी राहतो.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "अण्णा, पॅच लावला का?"

"लावला."

खोटं नव्हतं. नवा कर्नल डिस्कवर उतरवला होता. पण मशीन रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच चालतो. दिवाळीचा नवा सदरा कपाटात घडी घालून ठेवलाय, अंगात जुनाच, आणि विचारलं तर "सदरा घेतला" म्हणायचं, त्यातलं हे. ऑफिसातल्या एका पोरानं 'यूनेम' कमांड मारून भांडं फोडलं.

"अकरा वर्षं जगाचं अडलं का?" अण्णा चिडले. "चार दिवसांनी काय होतंय?" मशीन बंद न करता कर्नलला ठिगळ लावायची सोय असते, असं पोरगं म्हणालं. "चालत्या एसटीचं चाक बदलायचं? खाली झोपणार कोण, तू?"

शेवटी नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकून, ओल्या केसांनी अण्णा ऑफिसात आले. आकड्याचा प्रिंट काढला, तारीख घालून खाली सही केली. मग रीबूट. मशीन परत यायला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ ते खुर्चीवर न बसता उभे होते. मीही उभा राहिलो. बसणं बरं दिसलं नसतं.

पुढे वर्षभर "कसे आहात?" हा प्रश्न आम्ही टाळला. कुणी नवख्यानं विचारलाच, तर "बारा", "चाळीस" असं पडक्या आवाजात उत्तर यायचं. ३०० पार झाल्यावर जरा रंग आला.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर बातमी आली: डर्टी काउची दुरुस्तीच अपुरी होती. मेमरीच्या साध्या पानांवर ती चोख होती. पण मोठ्या पानांवर तोच शिक्का नुसतं वाचणाऱ्यालाही मिळत होता. मी अण्णांच्या टेबलाशी गेलो. ते समजावायला लागले नाहीत. तलाठी नाही, भामटे नाहीत.

"कसे आहात?" मी चुकून विचारलं.

"३९७," म्हणाले, आणि प्रिंटरमध्ये कागद आहे का ते बघायला उठले.