भेसळीची झाडं

आदर्श समाज कसा पिकवतात, हे जालन्याच्या माणसाला विलायती कादंबरीकारानं सांगायची गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको ही बियाणं कंपनी काढली, तेव्हापासून संकरित बियाणं आमच्या अंगवळणी पडलंय. जाफराबादकडच्या शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग करणाऱ्या बाईला हक्स्लेची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) सांगून बघा. बाटलीत वाढवलेली माणसं, जन्माआधीच ठरलेली प्रतवारी, खालच्या प्रतीला प्राणवायू कमी. ती एवढंच विचारील, “लॉट पास झाला का?”

संकरित बियाण्याची पहिली पिढी कशी एकसारखी, शिस्तीत उभी. त्याचंच बी राखून पुढच्या साली पेरलं की कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी फळतच नाही. सगळ्या आदर्श राज्यांची कथा या बिघडलेल्या झाडापासून सुरू होते. बीजोत्पादनाच्या प्लॉटात भेसळीचं झाड दिसलं की उपटतात. कादंबऱ्यांत फरक काय तो उपटण्याच्या तऱ्हेचा. झाम्यातिनच्या ‘वुई’त माणसांना नावाऐवजी नंबर आणि राहायला काचेची घरं. तिथं स्वप्न पडणं हा आजार. उपाय म्हणून शस्त्रक्रियेनं कल्पनाशक्तीच काढून टाकतात. हक्स्ले दूरच्या बेटावर पाठवतो. सरकारी नोकरांना ही बदली ओळखीची वाटेल. ऑर्वेल तर उपटतच नाही. ‘१९८४’मध्ये ते झाडच शेवटी कबूल करतं, की मी याच वाणाचं.

(यांपैकी एकानंही नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते लिहिलेलं नाही. जालन्याचा वाचक आधी तेच शोधतो.)

ऑर्वेलचा विन्स्टन जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करायच्या नोकरीत. आदेश आला की त्याच दिवशी नोंद बदलून तयार! सातबाऱ्यावरच्या नावातली वेलांटी सुधारायला तहसिलीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला हा नरक नव्हे, स्वर्ग वाटतो.

आमच्याकडंही आदर्श राज्याचं स्वप्न पडलं होतं. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘आनंदवनभुवन’ रचलं. आख्यायिका खरी मानली, तर ते स्वतः बोहल्यावरून पळालेले. म्हणजे ओळ मोडणारेच.

हक्स्लेचं एक प्रकरण मात्र मला शेवटपर्यंत पटलं नाही. तक्रारखोर पकडून आणले जातात आणि मुस्तफा माँड, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च साहेबांपैकी एक, स्वतः भेटतो, बोलतो, प्रश्नांना उत्तरं देतो. मीटिंगला गेलेला नसतो.