बदललं काय, ते लिहा

मे 2020, टाळेबंदी चालू. नोएडा पोलिसांनी जाहीर केलं की घराबाहेर पडलेल्याच्या स्मार्टफोनमध्ये आरोग्य सेतू हे सरकारचं कोरोना-संपर्क शोधणारं अ‍ॅप नसेल, तर भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली कारवाई होईल. म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. अ‍ॅप 2 एप्रिलला आलं होतं आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड सरकारने खुला केला 26 मे रोजी. तोवर एखाद्या अपडेटने आत काय बदललं, हे सामान्य माणसाने पाहायचं कुठे? प्ले स्टोअरवरच्या ‘नवीन काय’ या चौकटीत. तिथे 500 अक्षरं मावतात.

ती अक्षरं ठरवतं कोण, हा माझा प्रश्न आहे. नोएडाच्या सेक्टर 62 पासून 135 पर्यंत जिथे जिथे अ‍ॅप घडतं, तिथे कोड लिहिणारा प्रत्येक बदलासोबत ‘कमिट’ची एक ओळ लिहितो. रिलीजपर्यंत अशा ओळींचा ढीग साचतो. टेस्ट दुरुस्त केली, लायब्ररीची आवृत्ती वाढवली, या नोंदी वाचून वापरणाऱ्याला काही मिळत नाही. त्या गाळाव्यातच. सुरक्षेतलं भगदाड बुजवलं असेल, तर दुरुस्ती बहुतेक फोनांपर्यंत पोहोचेस्तोवर तपशील राखून ठेवणंही रास्त. पण नंतर ही यादी प्रॉडक्ट मॅनेजरकडे जाते आणि निकष बदलतो. मिरवण्यासारखं राहतं, अडचणीचं गळतं. वेळ उरला नाही की मागच्या वेळचाच मजकूर चिकटवतात: ‘बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स’.

या मोघमपणाची किंमत जगाने पाहिली आहे. जानेवारी 2017 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 10.2.1 आणलं. सोबतच्या टिपणात दोष-दुरुस्ती आणि सुरक्षा एवढंच होतं. प्रत्यक्षात त्या अपडेटने जुनी बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग आवरला होता. फोन अचानक बंद पडू नये, हे कारण खरंच होतं आणि ते तेव्हाच लिहिलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. कबुली आली डिसेंबरमध्ये. 2020 मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात 50 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. फोन मंदावणाऱ्या अपडेटांवरून इटलीने 2018 मध्ये अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोंचा दंड केला. 

म्हणून अपडेट नवी परवानगी मागत असेल, बॅटरी किंवा डेटा जास्त खात असेल, पैशांच्या व्यवहाराची रीत बदलत असेल, असलेली सोय काढून घेत असेल, तर ती ओळ गाळण्याचा अधिकार कुणालाच नसावा. सर्व्हरवरची कळ फिरवून अ‍ॅप न बदलता केलेले बदलही यात धरा, कारण त्यांना ‘नवीन काय’ची चौकटसुद्धा लाभत नाही. आणि ही ओळ ज्याने बदल केला त्यानेच लिहावी. मॅनेजरने भाषा सुधारावी, मजकूर कापू नये.

प्ले स्टोअर ही चौकट मराठीतही भरू देतं. नोएडातल्या एखाद्या टीमने अ‍ॅपचे पडदे मराठीत केलेच असतील, तर नव्या परवानगीचं कारणही परभणीच्या दुकानदाराला मराठीतच वाचायला मिळू दे.