काका, आम्ही कळवतो

निगडी-प्राधिकरणातल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी सकाळी साडेनऊला उभे राहा. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल आणि कानाच्या पाळीवर काळ्या मेंदीचा एक चुकार ठिपका असे एक गृहस्थ बसस्टॉपकडे निघालेले दिसतील. त्यांना आपण अण्णा म्हणू. वय चौपन्न. मात्र बायोडेटात ते शोधून सापडायचं नाही.

हा बायोडेटा म्हणजे अण्णांच्या हातून झालेला सगळ्यात नाजूक जॉब. आधी तो तीन पानी होता. मुलाने घासून घासून एका पानावर आणला. पहिल्यांदा जन्मतारीख गेली. मग दहावीचं साल, कारण १९८७ दिसलं की समोरचा मनातल्या मनात वजाबाकी करतो. मग डिप्लोमाचं साल. शेवटी नोकरीची पहिली बारा वर्षंच उडवली, त्यामुळे कागदावर अण्णा थेट सिनिअर टूलरूम इंजिनिअर म्हणूनच जन्माला आलेत. एवढं करून माथ्यावर रेडिफमेलचा पत्ता तसाच राहिला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, याच्यापेक्षा जन्मतारीख परवडली."

कंपनीने टूलरूम बंद करून काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि अण्णांच्या हाती व्हीआरएसचा चेक ठेवला. शेजारी म्हणाले, आता आराम करा. पण फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, धाकटीचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष बाकी आहे आणि ईपीएसची पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. मधल्या चार वर्षांत माणसाने काय करायचं, यावर कोणाकडेच काही उत्तर नाही. म्हणून अण्णा इंटरव्ह्यू देतात.

चाकणच्या एका कारखान्यातला इंटरव्ह्यू त्यांनी मला साभिनय करून दाखवला. एचआरची मुलगी सव्वीस-सत्तावीसची, वागायला अत्यंत गोड. ती म्हणाली, "काका, बसा ना. पाणी घेणार?" अण्णा मनात म्हणाले, संपलं. 'सर' म्हटलं तर आशा असते. 'काका' म्हणणारे लोक चहा देतात, नोकरी देत नाहीत. मग तिने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "पेन्शन ऑफिसात." ती हसली, अण्णाही हसले. नंतर ती म्हणाली, आमची टीम खूप यंग आहे, तुम्ही जुळवून घ्याल का? अण्णा म्हणाले, "मी घेईन हो, टीमला विचारलंत का?" शेवटी ठरलेलं वाक्य आलंच: आम्ही कळवतो. कळवत कोणीच नाही. अण्णा मात्र फोन अंघोळीलाही आत नेतात.

अण्णांची बाजू घेताना एवढं सांगायला हवं की हा माणूस सोपा नाही. दर तिसरं वाक्य "आमच्या वेळी"ने सुरू होतं. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग त्यांना उत्तम वाचता येतं, पण ते आधी प्रिंट काढायला लावतात. आणि सुपरवायझर असताना माणसं मागवण्याच्या फॉर्मवर "वय तीसच्या आत, म्हातारे पाठवू नयेत" असं स्वतःच्या अक्षरात त्यांनीच लिहिलेलं आहे. आठवण करून दिली की म्हणतात, "तेव्हा मी तीसच्या आत होतो."

एकदा संतापून त्यांनी राज्यघटना उघडली. सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास सगळं आहे, वय नाही. जे आहे तेही सरकारी नोकरीपुरतं. अमेरिकेने चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी १९६७ सालीच कायदा केला, हे कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. मालकाने वयामुळेच नाकारलं हे तिथेही सिद्ध करणं महाकठीण, हे कळल्यावर पुन्हा वाईट वाटलं. मग कोणीतरी २०१३चा कंपनी कायदा दाखवला. मॅनेजिंग डायरेक्टर सत्तरीपर्यंत खुशाल खुर्चीत बसू शकतो आणि भागधारकांनी विशेष ठराव केला तर त्याच्याही पुढे. अण्णांनी चष्मा काढून विचारलं, "असला ठराव सुपरवायझरसाठी होतो का?"

त्याच चाकणच्या कारखान्यात पुढे एक प्रेस टूल अडलं. पत्र्याच्या पार्टला बर, म्हणजे कडेला खरखरीत कंगोरा, येत होता. डाय दोनदा ग्राइंडिंगला जाऊन आली तरी येतच होता. शेवटी ती भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये पाठवली. तिथे अण्णा सध्या रोजावर बसतात. त्यांनी पार्ट हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, बर एकाच बाजूला आहे, म्हणजे धार गेलेली नाही, पंच सरकलाय, डॉवेल बघा. डॉवेल पिन झिजलेली निघाली. नवी बसवली, गॅप चारी बाजूंनी सारखी केली, संध्याकाळी माल साफ पडू लागला.

बिल गेलं, मुकाट्याने पासही झालं. माणसाला वयोमर्यादा असते, बिलाला नसते. वर्कशॉपच्या मालकाने त्यात जेवढं मिळवलं, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा अण्णांचा रोज. पीएफ नाही, सुट्टी नाही. दोन नव्या डिप्लोमावाल्या पोरांच्या पगारात एक अण्णा महाग पडतो, असा कंपन्यांचा हिशेब असतो. पगारपत्रकापुरता तो बरोबरही असेल. डाय दोनदा वाया पाठवल्याचा खर्च मात्र त्या पत्रकात दिसत नाही, तो मेंटेनन्सच्या खात्यात पडतो.

तेव्हा वाचकांत कोणाची फॅक्टरी असेल आणि टूलरूमला माणूस हवा असेल, तर जाहिरातीतली वयाची ओळ तेवढी खोडा. अण्णा उद्यापासून येतील. त्यांना नोटीस पिरियड नाही.